रात्री साडेआठचं काय करायचं?

जुगार सोडलेल्या माणसाच्या घरात पहिली अडचण रात्री साडेआठला येते. जेवणं झालेली असतात, भांडी डिशवॉशरमध्ये गेलेली असतात, मुलं शिकायला परगावी असतात, आणि इतकी वर्षं ज्या तीन तासांत फोनवर पैजा लागायच्या ते तीन तास रोज ठरल्या वेळी समोर येतात. ‘सोडून दे’ असं सांगणाऱ्यांपैकी कोणीही या तीन तासांबद्दल बोलत नाही. मला मात्र त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे. सवय कायमची सुटते की दोन महिन्यांनी परत येते, याचा निकाल बहुतेक वेळा त्या तीन तासांत लागतो, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. मी मूळची साताऱ्याची, इथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. माझे यजमान हिशेबाच्या पेशातले. आकड्यांची त्यांना शाळेपासून ओढ. कुठल्या फलंदाजाची सरासरी किती, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. त्या ओढीचं पुढे काय झालं ते मी त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. मजकूर त्यांनी वाचला आहे, नावं मात्र दोघांचीही दिलेली नाहीत.

न्यू जर्सीत जुगार नवा नाही. १९७६ साली इथल्या मतदारांनी अटलांटिक सिटीत कसिनोंना परवानगी दिली आणि १९७८ च्या मे महिन्यात पहिला कसिनो उघडला. पण तिथे जायचं तर आमच्याकडून गाडीने दीड-दोन तास लागतात. घरी काहीतरी सांगून निघावं लागतं, पेट्रोल भरावं लागतं, परतावं लागतं. तेवढं अंतर पुष्कळांना रोखायला पुरायचं. खेळांवर पैजा लावायला तर १९९२ च्या केंद्रीय कायद्याने जवळपास सगळ्या देशात बंदीच होती. १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला; खटला न्यू जर्सीनेच लढवला होता. बरोबर एका महिन्याने, १४ जूनला, आमच्या गव्हर्नरांनी मॉनमथ पार्कच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर राज्यातली पहिली कायदेशीर पैज लावली. उन्हाळा सरायच्या आत हे सगळं फोनवर आलं. आज तीसपेक्षा जास्त राज्यांत खेळांवरची पैज कायदेशीर आहे.

फोनवरची पैज आता सामना कोण जिंकणार एवढ्यावर थांबत नाही. पुढचा चेंडू, पुढची चाल, पुढचे पाच गुण, प्रत्येकावर पैसे लावता येतात. हार्वर्डमधले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी फार पूर्वी प्रयोगांतून दाखवलं होतं की बक्षीस दर वेळी मिळण्यापेक्षा अधूनमधून, केव्हा मिळेल ते न कळता मिळालं, तर त्यासाठीची धडपड सुटता सुटत नाही. फोनवरचा हा खेळ रात्रभर तेच देत राहतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या शेजारी नेऊन ठेवला, तो विचार करूनच. ‘बुद्धिमान माणूस असून असं कसं करतो?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. बुद्धीचा इथे संबंध नाही. उलट आकडेमोड येणाऱ्या माणसाला वाटत राहतं की आपण गणित करून जिंकतो आहोत.

२०२२ च्या सुरुवातीला आमच्या घरात हे सगळं उघडं पडलं. जी कामं आधी करायची ती आम्ही आधी केली. बँकेची खाती माझ्याकडे आली. राज्याच्या जुगार नियंत्रण विभागाकडे स्वतःला बंदीच्या यादीत घालून घ्यायची सोय आहे, एक वर्षासाठी किंवा पाच वर्षांसाठी; यजमानांनी पाच वर्षांवर सही केली. समुपदेशक गाठला. १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘गॅम्बलर्स ॲनॉनिमस’च्या बैठकांना ते जायला लागले. ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांनी या पायऱ्या गाळून थेट छंदावर उडी मारू नये, हे मी ठासून सांगते. कर्ज झालेल्या, झोप उडालेल्या, जीव नकोसा झालेल्या माणसाला ‘जरा बागकाम कर’ असं सांगणं क्रूरपणाचं आहे.

पण या पायऱ्या चढून झाल्यावर आमच्या लक्षात आलं की आपण फक्त दारं बंद केली आहेत. दारं बंद झालेल्या घरात एक माणूस सोफ्यावर बसला आहे आणि त्याला काहीही करायचं नाही.

समुपदेशकाने त्या वेळी आम्हाला नेथन अझ्रिन यांच्या कामाबद्दल सांगितलं. त्यानंतर मी मिळेल ते वाचलं, आणि माझ्या मते हे काम आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं. अझ्रिन हे स्किनर यांचेच विद्यार्थी. दक्षिण इलिनॉयमध्ये ॲना नावाचं लहानसं गाव आहे, तिथल्या सरकारी मनोरुग्णालयात ते संशोधन करत. दारूच्या व्यसनासाठी दाखल झालेले पुरुष तिथे यायचे, बरे होऊन घरी जायचे आणि परत यायचे. जॉर्ज हंट आणि अझ्रिन यांनी त्यातल्या सोळा जणांच्या आठ जोड्या केल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला रुग्णालयाचे नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला तेच उपचार, आणि वर एक पूर्ण आयुष्य उभं करायला मदत. नोकरी शोधायला मदत. बायकोशी बोलणं पुन्हा सुरू व्हावं म्हणून बैठका. घरात टेलिफोन, वर्तमानपत्र, रेडिओ किंवा टीव्ही नसेल तर तो येईपर्यंत पाठपुरावा, कारण टेलिफोन असला की मित्र फोन करतात आणि वर्तमानपत्र असलं की नोकरीच्या जाहिराती दिसतात.

आणि मला सगळ्यात आवडलेला भाग: त्यांनी गावातला एक जुना दारूचा गुत्ता घेतला आणि त्याचा क्लब केला. टेबलं, खुर्च्या, संगीत, पत्ते, नाच, सहली, सिनेमे, सगळं होतं; फक्त दारू नव्हती. बायकापोरांनी, मित्रांनी यावं. कोणी पिऊन आला तर त्याला दारातून परत पाठवलं जाई. ज्या माणसाची शनिवारची रात्र गुत्त्यात जात होती, त्याची शनिवारची रात्र त्यांनी काढून घेतली नाही. त्याला गाणं, गप्पा, ओळखीचे चेहरे तसेच ठेवले आणि बाटली तेवढी बाजूला केली. पुढच्या सहा महिन्यांचा हिशेब १९७३ साली प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार मिळालेल्यांचे ७९ टक्के दिवस पिण्यात गेले होते. दुसऱ्या गटाचे १४ टक्के. सोळा माणसं म्हणजे फार नव्हेत, हे मान्य. पण तीच पद्धत पुढे इतर ठिकाणी, इतर व्यसनांसाठी वापरली गेली आणि पन्नास वर्षांनंतरही ती टिकून आहे.

आपल्याकडे याच्या नेमकं उलट चालतं. माणसाने काही सोडलं की आपण त्याला माणसांतूनही उठवतो. ‘त्याला बोलवू नका, तिथे पत्ते असतील.’ ‘त्याला त्रास नको, घरीच राहू दे.’ सोडणं ही शिक्षा आहे आणि ती त्याने निमूट भोगावी, असा आपला सूर असतो. शपथा घ्यायला लावतो, गुरुवारचे उपास धरायला लावतो. उपास धरणाऱ्याच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण उपास रात्री साडेआठला सोबत करत नाही.

समुपदेशकाने आम्हाला एक यादी करायला सांगितली. ऑरेगन विद्यापीठात पीटर लुइन्सन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नैराश्यावर काम करताना माणसाला सुख देणाऱ्या ३२० साध्या गोष्टींची प्रश्नावली तयार केली होती. तिच्या धर्तीवर आपली आपण यादी करायची. आम्ही मराठीत केली. जुने दिवाळी अंक, लोणची, बुद्धिबळ, परसातली भाजी, तबला, आकाशकंदील, नाटकाच्या तालमी, म्हाताऱ्या माणसांना गाडीतून किराणा आणायला नेणं. यादी करताना यजमान पुष्कळ दिवसांनी हसले. मग एकेक करून पाहायचं, आणि रुचलं नाही तर अपराधी न वाटता टाकून द्यायचं. अझ्रिन यांच्या पद्धतीतही हेच आहे: आधी चव घ्या, मग ठरवा. पळायला जाणं यजमानांना पहिल्याच आठवड्यात नकोसं झालं. बुद्धिबळ फोनवर खेळायला लागले आणि फोन हातात आला की बोट कुठे वळतं ते दिसलं, म्हणून ते आम्ही लगेच थांबवलं.

बाग मात्र रुजली. टाउनशिपच्या सामुदायिक बागेत एक वाफा मिळाला. मेथी, दुधी, मिरच्या, अळू. एप्रिल ते सप्टेंबर या माणसाने संध्याकाळी अंधार पडेपर्यंत मातीत हात घातले आणि ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून भाजी आणायची मला गरज पडली नाही. पण न्यू जर्सीत ऑक्टोबरात पहिलं दव गोठतं आणि बाग संपते. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. नेमका तोच काळ अमेरिकन फुटबॉलचा: सप्टेंबरपासून फेब्रुवारीतल्या सुपर बोलपर्यंत दर रविवारी दुपारी एकपासून, सोमवारी रात्री, गुरुवारी रात्री. जोडीला ऑक्टोबरपासून बास्केटबॉल. म्हणजे छंद जेव्हा झोपतो तेव्हा मोह जागा होतो. छंदांवरचे सल्ले देणारे लोक छंदाचा गुण सांगतात, पण तो कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणत्या ऋतूत करता येतो हे विचारत नाहीत. माझ्या मते तोच पहिला प्रश्न आहे.

तबल्याचा वर्ग गुरुवारी रात्री असायचा, केवळ म्हणून आम्ही तो निवडला. पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ दहा-दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत मांडी घालून बसला. पोरं त्याला काका म्हणायला लागली. आणि तिथे अशी गोष्ट घडली जी मी कुठे वाचली नव्हती. आकड्यांची ओढ तबल्याला लागली. तीनतालाच्या सोळा मात्रा. त्यात एक तुकडा तीनदा असा बसवायचा की शेवटचा धा बरोबर समेवर पडला पाहिजे. कितव्या मात्रेपासून उचलायचं, मध्ये किती दम सोडायचा, हा सगळा हिशेब. तिहाई समेवर येते की चुकते, त्या क्षणाला छातीत जे धडधडतं, ते त्यांना पैजेतून मिळायचं आणि आता यातून मिळायला लागलं. फरक एवढाच की इथे रियाज केला तर तिहाई जास्त वेळा जमते, आणि चुकली तर घराचा हप्ता बुडत नाही. दोन्ही हात तबल्यावर असताना फोन धरता येत नाही, हाही फायदा आहेच.

म्हणून मी म्हणते, पर्याय शोधताना त्या माणसाला जुन्या सवयीतून काय मिळत होतं ते आधी शांतपणे विचारा. कोणाला गर्दी हवी असते, कोणाला एकांत. कोणाला थरार, कोणाला फक्त डोकं बंद करायला काहीतरी. थरार हव्या असणाऱ्याला विणकाम शिकवून उपयोग नाही, आणि थकून फोन चाळत बसणाऱ्या बाईला मॅरेथॉन पळायला लावण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट मी अटलांटिक सिटीत पाहिली. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे भरलं होतं, आणि जुगार सोडल्यापासूनचं ते यजमानांचं पहिलंच वर्ष. मला जायची भीती वाटत होती. आसपासच्या हॉटेलांच्या तळमजल्यावर कसिनो, रात्रभर दिवे. त्यांनी स्वतःच स्वयंसेवक म्हणून नाव दिलं, जेवणाच्या व्यवस्थेत. सकाळी चहापासून रात्री शेवटची पंगत उठेपर्यंत कोणी ना कोणी त्यांना हाक मारत होतं: ताटं संपली, वरण हवंय, आजींना खुर्ची हवी. त्या गावात, त्या चार दिवसांत, त्यांनी एकदाही मान वळवून तिकडे पाहिलं नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकताच घोरायला लागले. त्यांच्या निग्रहाचं श्रेय मी कमी करत नाही, पण निग्रहाला त्या चार दिवसांत एवढी माणसं मदत करत होती. एकट्याने करायच्या छंदात ही मदत नसते. तुम्ही आला नाहीत तर कोणाच्या तरी लक्षात येईल, असं काहीतरी हवं.

पहिल्या हिवाळ्यात एकदा घसरण झाली, तीही लपवत नाही. बर्फामुळे गुरुवारचा वर्ग रद्द झाला होता. एका परिचिताच्या खात्यावरून पैज लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं. तबल्याच्या सरांना सगळं ठाऊक होतं. तेव्हापासून बर्फ पडला तरी वर्ग रद्द होत नाही, व्हिडिओ कॉलवर होतो. एवढ्याने जे साधलं ते माझ्या चार तासांच्या बोलण्याने साधलं नसतं.

बोलण्यावरून सांगते. घरच्यांनी कसं वागावं यावरही अमेरिकेत नीट काम झालं आहे. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीत रॉबर्ट मायर्स यांनी अझ्रिन यांचीच पद्धत कुटुंबीयांसाठी बेतली. पिणाऱ्याला धारेवर धरायचं नाही. तो न पिता घरी असेल तेव्हा ती वेळ गोड करायची, त्याच्या आवडीचं जेवण, सोबत फिरणं. आणि तो प्यायला तर त्याच्या परिणामांवर आपण पांघरूण घालायचं नाही. १९९९ च्या एका अभ्यासात उपचाराला साफ नकार देणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोक या मार्गाने उपचाराला तयार झाले. समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत ३० टक्के. कुटुंबीयांनी स्वतःचंही काहीतरी सुरू करावं, असं ते सांगतात. मी सोमवारी आमच्या घरी अभंगांची बैठक सुरू केली. पेटी मी धरते, तबला घरचाच. चार-सहा जण येतात, साडेआठला.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे दूरचं वाटू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणली. मी त्या कायद्याच्या बाजूची आहे. इथे उलट दिशेने गेल्याने काय झालं ते रोज पाहते. पण ॲप बंद झाल्यावर ती खेळणाऱ्या मुलांची संध्याकाळ कुठे गेली, याची चौकशी त्यांच्या घरी आणि गावात व्हायला हवी. नाहीतर दुसरं काहीतरी तिथे येऊन बसेल. आपल्याकडे या कामाची परंपरा आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तेच अनिल अवचट बासरी वाजवत, कागदाच्या घड्यांतून ओरिगामी करत, लाकडात मूर्ती कोरत, आणि या छंदांबद्दल मन लावून लिहीत. व्यसनमुक्तीचं काम करणारा माणूस छंदांत इतका रमतो, यात मला योगायोग दिसत नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळांना माझी विनंती आहे. आपण संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी फार छान करतो. पण हे सगळे कार्यक्रम बहुधा शनिवारी, आणि वर्षातून चार-सहा वेळा. सप्टेंबर ते फेब्रुवारी दर गुरुवारी रात्री एक दार उघडं ठेवा. सार्वजनिक ग्रंथालयांत बैठकीच्या खोल्या मिळतात, शाळांची सभागृहं मिळतात, तळघरं तर प्रत्येकाकडे आहेत. तबला असो, नाटकाचं वाचन असो, कॅरम असो, पैशांशिवाय. कोण कशासाठी येतं ते विचारू नका. चहा ठेवा आणि पुढच्या गुरुवारी नाही दिसला तर फोन करा.

आणि ज्याच्या घरात आज रात्री हा प्रश्न आहे, त्याने गुरुवारची वाट पाहू नये. न्यू जर्सीतली जुगारासाठीची मदतवाहिनी १-८००-४२६-२५३७ ही आहे. ती चोवीस तास सुरू असते.